इनडोअर बाइक रेसचा फोटो पास आणि गेलेले 99,519 रुपये

रक्कम आधीच सांगतो: 99,519 रुपये. फसले चार फोटोग्राफर, दोघे जळगावकडचे, एक अमळनेरचा, एक शहाद्याचा. चौघांनाही कॅमेऱ्यातलं चांगलं कळतं. म्हणूनच हे लिहिताना जास्त चीड येते, कारण खोटेपणाचे पुरावे कॅमेऱ्याच्याच भाषेत समोर पडले होते आणि आम्ही ते वाचले नाहीत.

फोनवर आलेलं काम असं: सुरतच्या एका बंदिस्त हॉलमध्ये दोन दिवसांची डर्ट बाइक रेस, आत मातीचा ट्रॅक, आणि खान्देशातून 'अधिकृत फोटोग्राफर पॅनल'. फोन करणारा अहिराणीत बोलत होता. "भाऊ, मी बी खान्देशनाच शे." सुरतेत आपली किती माणसं राहतात हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची शर्यत झाली, पुढच्याच महिन्यात अहमदाबादला झाली. मग सुरतला का होणार नाही? त्यात चातुर्मास चालू, मुहूर्त बंद, कॅमेरे कपाटात. ज्याचं घर लग्नांच्या ऑर्डरवर चालतं त्याने अशा वेळी चालून आलेलं काम पडताळलं नाही, म्हणून त्याला हावरट म्हणू नका.

प्रत्येकी नोंदणी 2,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,360. बिब (फोटोग्राफरने अंगावर घालायचं ओळखीचं जाकीट) आणि पासची परत मिळणारी अनामत 15,000. अपघात विमा 1,500 अधिक जीएसटी, म्हणजे 1,770. एका माणसाचे 19,130, चौघांचे 76,520. शिवाय दोघांनी 70-200 एफ 2.8 लेन्सचं तीन दिवसांचं भाडं भरलं, प्रत्येकी 6,500. "हॉलमध्ये एफ 4 चालणार नाही," असं तो म्हणाला. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त. ते खरंच आहे, आणि त्या एका खऱ्या वाक्यावर बाकी सगळं खपलं.

आता तो क्षण. त्याने आधीच्या रेसचे म्हणून सहा फोटो पाठवले, तेही व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट करून, क्वालिटी दिसावी म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॅप एक्झिफ, म्हणजे फाइलमध्ये साठलेली कॅमेरा सेटिंगची नोंद, पुसून टाकतं, डॉक्युमेंट केलं की ते शाबूत राहतं. फाइलवर बोट ठेवून माहिती उघडायची एवढंच काम होतं. नंतर उघडलं तेव्हा दिसलं: शटर 1/1600, एफ 5.6, आयएसओ 200. हे भर उन्हाचं एक्स्पोजर आहे. आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, उजेड कमी तितका तो वाढवावा लागतो. हॉलच्या दिव्यांत एफ 2.8 वर 1/1000 चं शटर हवं असेल तर आयएसओ सहज 6400 पर्यंत जातो. म्हणजे त्याच्या फोटोत हॉलच्या सुमारे 200 पट उजेड होता. आणि एक्झिफ राहू द्या, नुसती सावली पाहिली असती तरी पुरलं असतं. छताला दिव्यांच्या रांगा असतात तेव्हा गाडीखाली तीन-चार फिक्या, एकमेकींवर चढलेल्या सावल्या पडतात. त्या फोटोत एकच काळी, धारदार सावली होती. लग्नाच्या हॉलमध्ये आयुष्य काढणाऱ्यांना हे दिसायला नको होतं का?

दुसरा पुरावा नकाशा. ट्रॅकच्या रंगीत नकाशावर 'फोटो झोन' दाखवला होता बर्मच्या बाहेरच्या बाजूला आणि ट्रिपल जंपच्या (सलग तीन उंचवट्यांवरून एकाच उडीत जायचं) लँडिंगसमोर. बर्म म्हणजे वळणावरची उंच मातीची भिंत. तिथे ज्याचा तोल जातो त्याची गाडी बाहेरच्याच बाजूला उडते. लँडिंगवर तर रायडर हवेत असतो, खाली कोण उभं आहे हे त्याला उडीआधी दिसतही नाही. खरा आयोजक फोटोग्राफरला वळणाच्या आतल्या बाजूला, नाहीतर टेक-ऑफच्या बाजूला कठड्यामागे, फ्लॅग मार्शलच्या (झेंडा दाखवून रायडरला इशारा देणाऱ्याच्या) नजरेत उभा करतो. ज्याने तो नकाशा काढला त्याने रेसच्या आत कधी पाऊल ठेवलेलं नाही.

पत्रकात आणखी एक ओळ होती: 'प्रत्येकाने दोन फ्लॅश आणणे बंधनकारक.' उडी घेणाऱ्या रायडरच्या डोळ्यांवर समोरून फ्लॅश मारणं धोक्याचं, म्हणून रेसमध्ये फ्लॅशला परवानगी मागावी लागते, सक्ती नसते. खऱ्या इनडोअर रेसच्या सूचना वेगळ्याच असतात, त्या माहीत असल्या की नकली पत्रक ओळखू येतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हॉलचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. 1/1000 वर एक फ्रेम उजळ, पुढची काळपट किंवा पिवळट येते. त्यासाठी अँटी-फ्लिकर चालू ठेवायचं, मेकॅनिकल शटर वापरायचं, सायलेंट शटर लावलं की एलईडीखाली पट्टे येतात. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढायचं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, केल्विनमध्ये एका आकड्यावर बांधून टाकायचा. उडीच्या शिखरावर गाडीचं वरखाली होणं क्षणभर थांबतं, तिथे 1/500 पण पुरतं. पॅनिंगला, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत काढायला, 1/60 ते 1/125. फोकस टेक-ऑफच्या कडेवर आधीच बांधायचा आणि ती कड फ्रेममध्ये ठेवायची, नाहीतर रायडर किती उंच गेला ते कळत नाही. मागच्या चाकातून ढेकळं उडतात, म्हणून लेन्सला हूड आणि फिल्टर हवाच, आणि ट्रॅकजवळ लेन्स बदलायची नाही. बंद हॉलमध्ये धूर साचला की कॉन्ट्रास्ट पडतो आणि ऑटोफोकस शोधत बसतो. त्या पत्रकात यातलं एक अक्षर नव्हतं. फक्त पैसे कुठे भरायचे ते चार वेळा लिहिलं होतं.

पावतीही वाचली नाही. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे, गुजरातला 24, महाराष्ट्राला 27, पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर धारक कोण ते सांगतं. कंपनी असेल तर सी, व्यक्ती असेल तर पी. पावतीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहाव्या जागी पी. आणि यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव येतं, तेही एका माणसाचं होतं, कंपनीचं नाही. चौघांनी ते नाव पाहिलं आणि चौघांनी पिन टाकला.

रेसच्या तीन दिवस आधी शहाद्याचा गडी नंदुरबारहून गाडी पकडून सुरतला गेला. असा ट्रॅक उभा करायला फरशीवर प्लॅस्टिक आणि प्लायवूड अंथरून वर शेकडो ट्रक माती टाकावी लागते. तीन दिवस आधी तिथे डंपरची रांग दिसायला हवी होती. हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन लागलं होतं. बुकिंग विचारायला एक फोन लागला असता, तोही आधी केला नाही.

फोन केल्यावर तो माणूस शांतपणे म्हणाला, "तारीख पुढे गेली, अनामत परत देतो, क्यूआर स्कॅन करा." अमळनेरच्याने घाईत स्कॅन करून पिन टाकला आणि आणखी 9,999 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे त्यालाही माहीत होतं, पण 15,000 परत येतील या आशेने हात चालला.

आता यंत्रणेचं. बँकेत सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?" समोरचं खातं गोठवायला त्या बँकेला कळवा एवढंच मागणं होतं. तेवढ्यासाठी तीन टेबलं फिरवली आणि चौथ्यावर जेवणाची सुट्टी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "एवढे शिकलेले असून फसता कसे?" दुसरं उत्तर, "सुरतचं प्रकरण आहे, सुरतला जा." तिसरं, "हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणीत जा." नसलेल्या रेसचे पास विकणं हा वाद कसा? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. हे छापून नेलं तर कागद बाजूला सरकवला. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4), माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड, दोन्ही अर्जात लिहिली होती. शेवटी गुन्हा नोंदवलाच नाही, 'अर्ज' घेतला, आणि पोच मागितली तर साहेब बंदोबस्तावर असल्याचं सांगितलं. पाच चकरा झाल्या. दर चकरेला एसटीचं भाडं आणि एक दिवसाचं काम बुडालं. चोराने एकदाच लुटलं, हे मात्र दर चकरेला आम्हालाच आरोपीसारखं उभं करतात.

म्हणून ठाण्याच्या दारात वेळ घालवण्याआधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, त्याच तासात. पैसा पुढच्या खात्यात सरकला की हाती लागणं अवघड. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करून पोच क्रमांक घ्या आणि तोच घेऊन बँकेत जा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

मोटरस्पोर्टची रेस म्हणून कोणी बोलावलं तर एफएमएससीआयचा (देशातल्या मोटरस्पोर्टची नियामक संस्था) परवाना क्रमांक मागा, आणि तो मिळाला तरी संस्थेकडे विचारून खात्री करा. फोटोग्राफरकडून अनामत मागणाऱ्याला आधी हॉलच्या बुकिंगची पावती मागा. नमुन्याचे फोटो डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

तोच बर्मबाहेरचा फोटो झोन दाखवणारा नकाशा धुळे, नंदुरबार, मालेगाव, कुठेही कोणाला आला असेल, तर चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि यूपीआयच्या पावतीवरचा 12 अंकी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, लिहून ठेवा. आमच्या चार अर्जांत एकाच खात्याचे चार यूटीआर आहेत. पाचवा मिळाला तर तो जोडून पुन्हा अर्ज देणार आहोत.