पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया आणि पेशींचे इंजेक्शन : इंदूरमधील आमचा अनुभव

लहानपणी हाडाला झालेल्या जंतुसंसर्गामुळे आमच्या मुलाचा उजवा पाय ४ सेंटिमीटर आखूड राहिला होता. तो एकोणीस वर्षांचा झाल्यावर इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात आम्ही त्याच्या नडगीचे हाड इलिझारोव्ह पद्धतीने वाढवून घेतले. या पद्धतीत हाड कापून, पायाभोवती पिनांनी बसवलेल्या रिंगांच्या फ्रेमने त्याची दोन टोके हळूहळू दूर सारतात आणि मधल्या फटीत नवे हाड तयार होते. रामबागेतल्या दोन परिचित कुटुंबांनी त्यातील पेशींच्या इंजेक्शनाविषयी विचारले, म्हणून हा अभिप्राय.

शस्त्रक्रियेविषयी तक्रार नाही. हाड कापल्यावर सात दिवस थांबून, पुढे रिंगेचे नट रोज चार वेळा, दर वेळी पाव मिलिमीटर फिरवायचे होते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. माझी पत्नी प्रत्येक वेळी कॅलेंडरवर खूण करीत असे आणि चाळीस दिवसांत एकही खूण चुकली नाही.

लांबी पूर्ण झाल्यावर कमरेच्या हाडातून मज्जा काढून, ती सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरवून, उरलेला गडद लाल द्रव नव्या हाडात सोडण्यात आला. ही कल्पना निराधार नाही, कारण मज्जेत हाड घडवू शकणाऱ्या मूलपेशी (स्टेम सेल) असतात. पण त्या अत्यल्प असतात. जपानमध्ये नागोया येथील डॉक्टरांनी अशा उपचाराचे प्रयोग केले, तेव्हा त्यांनी त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून घेतल्या होत्या. आमचा द्रव त्याच दिवशी काढलेला होता, आणि हा फरक बिलाच्या खिडकीवर ‘स्टेम सेल पॅकेज’ म्हणून वेगळी रक्कम मागताना कोणीही सांगितला नाही, याचा मला आजही राग आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूलपेशींचा मान्य उपचार मुख्यतः रक्ताच्या विकारांपुरता आहे. इतर वापर क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हावा असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे हे नक्की कशात मोडते, ते पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

हाड पक्के व्हायला एका सेंटिमीटरमागे महिना ते दीड महिना लागेल, असे सर्जननी सुरुवातीलाच सांगितले होते. आमची फ्रेम सहा महिन्यांनी निघाली, म्हणजे इंजेक्शन घेऊनही आम्ही त्या अंदाजाच्या वरच्या टोकालाच राहिलो.

फिजिओथेरपिस्ट ताईंचे काम मात्र मोलाचे ठरले. पोटरीचे स्नायू ताणले जाऊन टाच जमिनीवरून उचलली जाऊ लागली, तेव्हा त्यांनी रोज घरी येऊन घोटा वाकवून घेतला. पिनांभोवती लाली दिसताच फोटो मागवून त्यांनी त्याच दिवशी सर्जनना दाखवले. आज मुलाची टाच जमिनीला पूर्ण टेकते.