सहस्रचंद्रदर्शनाचं पॅकेज: काय घ्यावं, काय कापावं

ऐंशीची शांत, म्हणजे हजार पौर्णिमा पाहिल्याचं सहस्रचंद्रदर्शन, मुंबईत आता बहुतेक घरी पॅकेजमधूनच होते. दादर, गिरगाव, विलेपार्ले, मुलुंड इथे गुरुजी आणि केटरर मिळून हॉल, साहित्य, होम, तुला (वजनाइतक्या वस्तूंचं दान), औक्षण आणि जेवण असं सगळं एका रकमेत देतात. साहित्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. दर्भापासून पूर्णाहुतीच्या नारळापर्यंत काही आणायला कुणाला धावावं लागत नाही. घोळ आहे तो वेळापत्रकात. हेच लोक पन्नाशीची वैष्णवी, साठीची उग्ररथ, सत्तरीची भैमरथी आणि पंचाहत्तरीची ऐंद्री शांतही करून देतात आणि आखणी सगळ्यांना एकच वापरतात. साठीचा माणूस चार तास पाटावर बसू शकतो. एक्याऐंशीचा नाही बसू शकत.

आधी तारखेचं. ऐंशी पूर्ण झाली की लगेच दिवस काढून देणारे बरेच आहेत. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणजे हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस लागतात. वर्षांत मोजले तर साधारण ८० वर्षं १० महिने. ऐंशी वर्षं आठ महिने हा हिशेबही घरोघरी चालतो. तेव्हा एक्याऐंशीव्या वर्षात तब्येतीला सोयीचा दिवस निवडावा. मे महिन्यात होमाजवळ बसवणं टाळावं आणि जुलैतल्या पावसात तर हॉल ठरवूच नये. रविवार सगळ्यांना हवा असतो, पण लोकलचा मेगाब्लॉक असला तर कल्याण-पनवेलकडची मंडळी पूर्णाहुती उरकल्यावर पोचतात. कामाच्या दिवशी सकाळी हॉलही सहज मिळतो.

विधी पूर्ण केला तर साडेतीन ते चार तासांचा. गणपतिपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, मग कलशस्थापना, होम, पूर्णाहुती, अभिषेक. आजोबांनी संकल्पाला बसावं, मधलं सगळं मुलगा-सून त्यांच्या वतीनं करतील आणि पूर्णाहुतीला आजोबांना परत आणता येईल, ही सोय गुरुजी देतात का ते ॲडव्हान्स देण्याआधी विचारावं. जे सरळ ‘हो’ म्हणतात त्यांनाच काम द्यावं. पाटाऐवजी हात असलेली खुर्ची हवी, बैठक जमिनीपासून अंदाजे १८ इंच, आणि पूजा मांडायला त्याच मापाचं टेबल; चौरंगाकडे वाकून वाकून कंबर धरते. धोतर शिवलेलंच घ्यावं. नेसलेलं रेशमी धोतर सैल होतं आणि पायात येतं. अभिषेकाच्या पाण्यानं फरशी निसरडी होते, म्हणून कोरडा टॉवेल आणि एक माणूस तिथे उभा ठेवावा.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे उपास. सकाळचं इन्शुलिन किंवा शुगरची गोळी घेऊन आजोबा उपाशी बसतात. अकराच्या सुमाराला घाम फुटतो, हात थरथरतात, आणि लोकांना वाटतं, धूर लागला. डोसचं डॉक्टरांना आधीच विचारावं. दूध-फळं चालतात का हे गुरुजींना विचारलं तर बहुधा चालतातच.

होमासाठी बंद एसी हॉल नको. कुंडाखाली विटा आणि वाळू, शेजारी पाण्याची बादली, समिधा सुक्या. ओल्या समिधाच जास्त धूर करतात आणि दम्याच्या माणसाचे त्यात हाल होतात. उत्सवमूर्तीला ऑक्सिजन लावावा लागत असेल तर होम आणि दिवे दोन्ही दुसऱ्या खोलीत. यात तडजोड नाही.

तुला हा पॅकेजमधला सगळ्यात फोटोजेनिक आणि सगळ्यात कच्चा भाग. साखळ्यांना टांगलेल्या पारड्यात पाय अधांतरी राहतात, पारडं कलतं, आणि खुबा बदललेल्या माणसाला त्यात चढवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. आदल्या दिवशी साध्या काट्यावर वजन करावं, तितका गूळ किंवा तांदूळ हॉलमध्ये रचून ठेवावा आणि त्यावर आजोबांचा हात लावून उदक सोडावं. साठ किलो गूळ नंतर जाणार कुठे, हेही आधी ठरवावं. एखाद्या आश्रमशाळेला किंवा वृद्धाश्रमाला विचारून त्यांना जे लागतं तेच घेतलं तर उत्तम. पुष्कळदा त्यांना तूरडाळ हवी असते.

पैसे आणि वेळ खर्चावा तो आज्यावलोकन आणि औक्षणावर. काशाच्या वाटीतल्या पातळ तुपात आपला चेहरा पाहायचा आणि ती वाटी दान करायची, एवढाच विधी. पण बहुतेक पॅकेजांत तो अर्ध्या मिनिटात उरकतात. वाटी पसरट हवी, तूप कोमट, उजेड बाजूनं आणि चष्मा डोळ्यांवर. नाहीतर दिसतं ते फक्त ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. ऐंशी वर्षांच्या सुरकुत्या स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहायला मिळाव्यात, यासाठीच तर हा खटाटोप.

औक्षणाला हजार दिवे सांगणारे असतात. हॉलवाले तेवढ्या ज्योतींना परवानगी देत नाहीत, आणि दिली तरी उष्मा सहन होत नाही. ८१ पुरेत. तेलाच्या पणतीला दहा मिली धरलं तर लिटरभरात भागतं. तुपातल्या फुलवाती दहा-पंधरा मिनिटांत विझतात, म्हणून त्या ऐन वेळी लावाव्यात. दिवे दोन ताटांत विभागावेत, ताट चेहऱ्यापासून हातभर लांब ठेवावं आणि ओवाळणाऱ्या बायकांनी पदर खोचावेत.

आजींचं काय, हा प्रश्न पॅकेजवाल्यांना विचारला की उत्तर चाचरत येतं. माहितीपत्रकावर आजोबाच असतात, आजी शेजारी बसतात. आजी एकट्या असतील तर ‘फक्त औक्षण करू’ असं सुचवलं जातं. हे मान्य करू नये. त्यांच्या नावानं संकल्प करून पूर्ण शांत करणारे गुरुजी मुंबईत मिळतात, स्त्री पुरोहितही मिळतात. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीनं मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत विधी करणाऱ्यांना बोलावलं तर नातवंडंही मोबाईल बाजूला ठेवून ऐकतात.

माइक गुरुजींना एकच द्यावा आणि आवाज कमी ठेवावा. कानात यंत्र असलेल्या माणसाला स्पीकरमध्ये नुसता गोंगाट ऐकू येतो. नंतर तोच माइक पाच मिनिटं उत्सवमूर्तीच्या हाती द्यावा. ज्यांनी आधार दिला त्यांची नावं त्यांना स्वतः घ्यायची असतात. ही पाच मिनिटं कुठल्याही पॅकेजमध्ये नसतात, मागून घ्यावी लागतात, आणि तीही जेवणाआधी. पानं मांडली की कुणी ऐकत नाही.

जेवणात मऊ वरणभात वेगळा सांगावा. स्टेजची फुलं निम्मी केली तरी काही बिघडत नाही.

पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: दक्षिणा रकमेत धरली आहे की वेगळी, आणि उत्सवमूर्ती आजारी पडल्यास तारीख किती महिन्यांपर्यंत पुढे नेता येईल. दुसऱ्या मुद्द्यावर ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर ॲडव्हान्स देऊ नये.