बँकॉकमध्ये राहून थायलंड बाइकवर बघायचं: स्वतःची गाडी घ्यावी की चियांग माईला भाड्याने?

बँकॉकमध्ये नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या आणि सह्याद्रीतल्या घाटांत बाइक चालवलेल्या माणसाला वर्ष-सहा महिन्यांत एक प्रश्न पडतोच. इथे स्वतःची गाडी घ्यावी, की फिरायला जाऊ तेव्हा भाड्याने घ्यावी? बहुतेक जण लगेच पैशांचा हिशेब मांडायला बसतात. तो करायचाच आहे, पण आधी नकाशा उघडा. निम्मं उत्तर तिथेच आहे.

थायलंडमधले बाइकसाठी नावाजलेले रस्ते उत्तरेत आणि पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात आहेत आणि बँकॉक आहे चाओ फ्राया नदीच्या सपाट खोऱ्यात. इथून चियांग माई जवळजवळ ७०० किलोमीटर, उत्तरेतलंच नानही साधारण तितकंच. मोटरवे आणि एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी, त्यामुळे शहराबाहेर पडण्यातच सकाळ जाते. पुढे नाखोन सावन आणि त्याच्याही पलीकडे रस्ता रुंद, गुळगुळीत आणि सरळसोट. दुचाकीने डावी कड धरायची हा नियम, आणि त्या कडेला थांबलेले पिकअप असतात. यू-टर्न बराच पुढे असतो म्हणून राँग साइडने निवांत येणारे स्कूटरवालेही असतात. उजवीकडे यू-टर्नसाठी वेग कमी करणारे ट्रक. समोरच्याने लाइट मारला तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’ असाच घ्यायचा, आपल्याकडे घेतो तसाच.

हे अंतर तोडायला जाताना एक दिवस आणि येताना एक. पाच दिवसांची सुट्टी असेल तर डोंगरासाठी तीनच उरतात, तेही पहिल्या दिवसाचा शिणवटा अंगात घेऊन. याउलट संध्याकाळचं विमान पकडलं तर तासाभरात चियांग माई. नाहीतर बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवत स्थानकातून रात्रीची गाडी. सकाळी नऊला दुकानातून बाइक ताब्यात आली की तासाभरात मे मालाई येतं, आणि तिथून १०९५ क्रमांकाचा रस्ता वळायला लागतो. भाड्याच्या गाडीची खरी किंमत या वाचलेल्या दोन दिवसांत मोजली पाहिजे.

स्वतःची गाडी रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून किंवा खासगी वाहतूकदाराकडून वर पाठवता येते. टाकी रिकामी करून द्यावी लागते, आणि ती पोचण्याचा दिवस तुमच्या सुट्टीशी जुळेलच असं नाही. दोन-तीन आठवडे उत्तरेत काढणार असाल तरच हा खटाटोप करा.

लायसन्स आधी, गाडी नंतर

गाडी कोणतीही घ्या, लायसन्सची बाब टाळू नका. भारतीय लायसन्सबरोबर आरटीओने दिलेलं आंतरराष्ट्रीय परमिट इथे चालतं, मात्र त्यावर दुचाकीच्या वर्गाचा शिक्का हवा. नुसता कारचा शिक्का असलेलं परमिट बाइकवर असताना काहीच कामाचं नाही. परमिटची मुदत एक वर्ष. इथे राहणाऱ्याने ते संपायची वाट न बघता थाई लायसन्स काढावं. कार आणि दुचाकीची लायसन्सं वेगवेगळी असतात. पहिलं दोन वर्षांचं, नंतरचं पाच वर्षांचं. डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि वर्क परमिट किंवा इमिग्रेशनचा रहिवासी दाखला लागतो. भूपरिवहन विभागात रंग ओळखणं, अंतराचा अंदाज आणि ब्रेक किती चटकन दाबता याच्या चाचण्या होतात.

इथे आपल्या मंडळींच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. ४०० सीसी किंवा त्याहून मोठ्या, किंवा ३५ किलोवॅट आणि त्याहून जास्त ताकदीच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा आहे. होंडाची सीबी ५०० एक्स या रेषेच्या वर, आणि रॉयल एनफिल्डची हिमालयनसुद्धा वरच, जुनी ४११ असो की नवी ४५२ सीसीची. क्लासिक ३५० किंवा मिटिऑर मात्र खाली. भारतात हिमालयन चालवलेल्या माणसाला ही गाडी ‘बिग बाइक’ वाटतच नाही, पण इथल्या कायद्याला वाटते, आणि अपघातानंतर विमा कंपनीलाही वाटते.

विमा: इथे थांबून वाचा

प्रत्येक दुचाकीला फो-रो-बो नावाचा सक्तीचा विमा असतो. तो माणसाच्या इजेपुरता आहे. उपचाराला कमाल ८०,००० बाथ, मृत्यू झाल्यास ५ लाख. गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही त्यातून मिळत नाही. मोडलेल्या पायाची खासगी रुग्णालयातली शस्त्रक्रिया ८०,००० च्या पलीकडे सहज जाते.

भाड्याच्या गाडीवर बहुतेक ठिकाणी एवढाच विमा असतो. दुकानदार ‘इन्शुरन्स आहे’ म्हणतो ते खोटं नसतं, तो याबद्दलच बोलत असतो. म्हणून काउंटरवर नेमकं विचारायचं: गाडी पडली तर कोण भरणार, चोरीला गेली तर कोण भरणार, माझी जास्तीत जास्त जबाबदारी किती बाथची? उत्तर करारात लिहिलेलं दाखवा म्हणायचं. मोठ्या गाड्या देणाऱ्या काही दुकानांत ठरावीक रकमेपर्यंतच तुमची जबाबदारी ठेवणारा जास्तीचा विमा मिळतो. तो मिळत असेल तर दिवसाला शंभर-दोनशे बाथ जास्त पडले तरी तिथूनच गाडी घ्या.

अनामत म्हणून पासपोर्ट देऊ नका. इथे राहणाऱ्याच्या हातात पर्यटकाकडे नसलेल्या गोष्टी असतात: थाई लायसन्स, काहींकडे परदेशी रहिवाशांचं गुलाबी ओळखपत्र, इथलं बँक खातं. रोख अनामत आणि या कागदांच्या प्रतींवर भागतं. गाडी घेताना टाकीच्या दोन्ही बाजू, सायलेन्सर, लिव्हरची टोकं आणि रिमच्या कडा यांचा व्हिडिओ दुकानदाराच्या समोरच काढा. जुने ओरखडे बहुतेक याच चार जागी असतात आणि परत देताना वादही त्यांवरूनच होतो.

स्वतःच्या गाडीचा मोठा फायदा इथे आहे. चोरी आणि नुकसान धरून पहिल्या वर्गाचा विमा तुम्ही स्वतः निवडून काढू शकता. शिवाय कंपनीच्या आरोग्यविम्याची अट एकदा एचआरकडून लेखी मागवा. वैध दुचाकी लायसन्स नसेल तर दावा नाकारण्याचं कलम अनेक पॉलिसींत असतं. तातडीच्या वैद्यकीय मदतीचा क्रमांक १६६९, महामार्ग पोलिसांचा ११९३. दोन्ही फोनमध्ये हवेत.

पैसे

पाचशे सीसीची नवी अ‍ॅडव्हेंचर बाइक दोन लाख बाथच्या वर जाते. चियांग माईत तशीच गाडी दिवसाला साधारण १,००० ते १,५०० बाथला मिळते. वर्षातून तीनदा पाच-पाच दिवस, दिवसाला १,३०० धरले तर १९,५०० बाथ. म्हणजे गाडीच्या किमतीत दहा वर्षं भाडं भरता येईल. गाडी विकताना बरेच पैसे परत येतात हे खरं. पण त्याच्याआधी दरवर्षी कर आहे, दोन विमे आहेत, पाच वर्षांनंतर तपासणी आहे, आणि तोवर गाडी काँडोच्या पार्किंगमध्ये आठवडेच्या आठवडे उभी असते. फक्त लांबच्या सुट्ट्यांसाठी मोठी गाडी घेणं हिशेबात बसत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

दर दुसऱ्या रविवारी बाहेर पडणाऱ्याचा हिशेब वेगळा. त्याने घ्यावी, पण छोटी घ्यावी. नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि वर्क परमिट (किंवा रहिवासी दाखला) असेल तर गाडी आपल्याच नावावर होते आणि ग्रीन बुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, आपलं नाव लागतं. जुनी घेताना विकणाऱ्याला घेऊनच परिवहन कार्यालयात जा. सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन ‘नाव नंतर चढवा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो व्यवहार करू नका. चासी नंबर जुळवा, कर भरलाय का बघा, आणि नाव चढल्यावर उरलेले पैसे द्या.

कुठल्या गाडीला कुठला रस्ता

मे होंग सोनची फेरी म्हणजे चियांग माईहून निघून पाई, मे होंग सोन, खुन युआम, मे सारियांग करत परत चियांग माई. साधारण ६०० किलोमीटर आणि १,८६४ वळणं. हा आकडा तिथे टी-शर्टांवर आणि प्रमाणपत्रांवर छापलेला असतो. फेरी चियांग माईलाच सुरू होऊन तिथेच संपते, म्हणून भाड्याच्या गाडीसाठी याहून सोयीचा रस्ता नाही. चार दिवस ठेवा. पाईपर्यंतच्या ७६२ वळणांत सावध राहायचं ते मिनीव्हॅनपासून. त्या आंधळ्या वळणावर आतली बाजू कापत येतात, म्हणून डावी कड सोडू नका. ओल्या सावलीतल्या वळणांवर डिझेलचे डाग काळपट चमकतात, तिथे गाडी झुकवताना हात राखून. पाईच्या बाजारात गुडघ्या-कोपरांना बँडेज बांधलेले तरुण पर्यटक हमखास दिसतात. बरेचसे आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसलेले. पाईच्या पुढे गर्दी विरळ होते आणि खरी मजा सुरू होते. नोव्हेंबरात गेलात तर खुन युआमजवळ दोई मे उ खोचा डोंगर पिवळ्या बुआ तोंग फुलांनी भरलेला असतो. तिथून १२६३ ने मे चेम आणि मग दोई इन्थानोन, २,५६५ मीटर, देशातलं सर्वोच्च शिखर. हा आडरस्ता मला मूळ फेरीहून जास्त आवडतो.

नान हा स्वतःची गाडी असलेल्यांचा प्रदेश. तिथे भाड्याने मिळतात त्या मुख्यतः स्कूटर. पुआहून १२५६ क्रमांकाचा रस्ता दोई फू खा डोंगर ओलांडून बो क्लुआला उतरतो, आणि १०८१ ने नानला परत येता येतं. बो क्लुआत समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगरात, मिठाच्या विहिरी आहेत. खारं पाणी बादलीने शेंदून चुलाण्यावरच्या मोठ्या कढयांत आटवतात आणि वर टांगलेल्या बांबूच्या टोपल्यांत मीठ निथळत ठेवतात. झोपडीत वाफ इतकी की हेल्मेटची काच क्षणात धुरकट होते. ता वांग फाहून निघणारा ११४८ तर डांबर आणि वळणं या दोन्ही बाबतीत देशातल्या उत्तम रस्त्यांपैकी एक. चियांग माईहून भाड्याची गाडी घेऊनही इथे येता येतं, पण मग सुट्टी आठवड्याची हवी.

बँकॉकमध्ये गाडी ठेवण्याचं सगळ्यात पटणारं कारण मात्र कांचनाबुरी आहे. अंतर १३० किलोमीटर. पुढे ३२३ क्रमांकाचा रस्ता साई योक, थोंग फा फूम करत सांग्खलाबुरीला जातो आणि थ्री पॅगोडा खिंडीत म्यानमारच्या सीमेवर संपतो. थोंग फा फूमनंतर धरणाच्या कडेने घाट लागतो. वाटेत थायलंड-बर्मा रेल्वेवरच्या हेलफायर पासचं स्मारक आहे. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी बांधून घेतलेल्या या रेल्वेवर युद्धकैद्यांबरोबर मलायातून आणलेले हजारो तमिळ मजूरही मेले. भारतीय माणसाने तिथे थांबावं असं मला मनापासून वाटतं. शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली की ही फेरी होते, आणि त्यासाठी ३०० ते ३५० सीसी पुरते. होंडाची सीआरएफ ३०० एल घेतलीत तर टाकी ७.८ लिटरची आहे हे लक्षात ठेवून पंप बघा.

लाओसला जायचं मनात असेल तरी स्वतःची गाडी असलेली बरी, मोजकी दुकानंच भाड्याच्या गाडीचे तसे कागद देतात. गाडीचं जांभळं पुस्तक, म्हणजे ती देशाबाहेर नेण्याचा परवाना, काढावं लागतं, आणि तुमच्या व्हिसासाठी री-एन्ट्री परमिट: एकदा यायचं १,००० बाथ, अनेकदा यायचं ३,८००. ते न काढता सीमा ओलांडली की इथल्या मुक्कामाची परवानगी रद्द होते. नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला हे परवडणारं नाही.

थोडक्यात, इथे पहिलंच वर्ष असेल तर चियांग माईला भाड्याने घ्या आणि तेवढ्यात थाई लायसन्स काढून ठेवा. करार आणखी दोन-तीन वर्षांचा असेल आणि महिन्यातले दोन रविवार तरी मोकळे असतील तर चारशेच्या आतली जुनी गाडी घ्या, आणि तरीही उत्तरेसाठी भाड्याचीच वापरा. हेल्मेट मात्र दोन्हीकडे स्वतःचं न्या. दुकानातली बहुतेक पातळ असतात. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे आणि दंड २,००० बाथपर्यंत आहे.

तारखा ठरवताना फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत उत्तर टाळा. शेतं आणि जंगलं जाळल्याच्या धुराने डोंगर दिसत नाहीत आणि घसा धरतो. सोंगक्रान (एप्रिलमधलं थाई नववर्ष) आणि इंग्रजी नववर्षाच्या आठवड्यांत रस्त्यांवर सर्वाधिक अपघात होतात, सरकारच त्यांना ‘सात धोकादायक दिवस’ म्हणतं. ५ आणि १० डिसेंबर या दोन्ही सरकारी सुट्ट्या. मधल्या दिवसांची रजा टाकली की सहा दिवस मिळतात, हवा कोरडी, आकाश स्वच्छ. बँकॉकमधले सगळे दुचाकीवाले तेच दिवस धरून असतात, म्हणून चियांग माईची गाडी आणि मे होंग सोनची खोली ऑक्टोबरातच ठरवून टाका.