मुरूड दोन दिवसांत: आधी पंचांग, मग जंजिरा

मुंबई-पुण्याहून मुरूडला येणाऱ्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. अलिबागवरून यायचं, काशिदला डुंबायचं, जेवायचं आणि दोन-अडीचला जंजिऱ्याच्या होडीसाठी राजपुरी गाठायची. हा क्रम नेमका उलटा हवा. दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटले की राजपुरी खाडीच्या तोंडाशी पाणी उसळतं. त्यात शनिवार-रविवार असेल तर होडीची रांगही लांबते. सकाळी जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर शीड भरतं आणि पाणी बरंच शांत असतं. म्हणून आदल्या रात्री मुरूडला मुक्काम करावा आणि पहिल्या-दुसऱ्या होडीत बसावं. जंजिऱ्याची निम्मी मजा या एका निर्णयावर ठरते.

राजपुरीचा धक्का गावापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. तिथून निघालेली होडी तटाखाली येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, कारण तो दोन बुरजांच्या आड दडवला आहे. होडी पायऱ्यांना लागते तेव्हा लाटेबरोबर वर-खाली होत असते. ती वर आली की पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. खलाशाला धरायला एक हात मोकळा ठेवावा, मोबाइल खिशात आणि चपलेऐवजी पकड असलेले बूट पायात. पायऱ्यांवरच्या शेवाळावर घसरणारे बहुतेक जण फोटोच्या नादात असतात.

होडीवाले वर साधारण पाऊण तास ते तासभर देतात. बावीस एकरांच्या किल्ल्याला हा वेळ तोकडा आहे, आणि जंजिऱ्याच्या सहलीबद्दलची आमची मोठी तक्रार तीच आहे. चढण्याआधीच बोलून घ्यावं. गर्दी नसेल तर पुढच्या फेरीने परतायची सोय होऊ शकते, पण परतीची होडी कोणती ते नक्की करूनच वर जावं. एवढ्याच वेळात उरकायचं असेल तर दरवाजाजवळचं शिल्प आधी पाहावं. वाघासारख्या प्राण्याने चार पायांत चार, शेपटीत एक आणि जबड्यात एक असे सहा हत्ती पकडले आहेत. मग डावी-उजवी न करता तटावर कलालबांगडी तोफ, तिथून गोड्या पाण्याचा मोठा तलाव आणि किल्ल्याच्या सिद्दी राज्यकर्त्यांपैकी सुरुलखानाच्या वाड्याची भिंत. पश्चिमेचा दर्या दरवाजा बरेच जण सोडतात. तो सोडू नये, किल्ला वेढ्यात तगला कसा हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. बालेकिल्ल्याची चढण मात्र वेळ उरला तरच.

तोफेचं वजन आणि पल्ला प्रत्येक गाईड वेगळा सांगतो, तिकडे फार लक्ष देऊ नये. इतिहास मोजका पण पक्का हवा. 'जझीरा' म्हणजे अरबीत बेट, त्याचं जंजिरा झालं. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्र बुजवत सेतू बांधायला घेतला होता, तरी किल्ला मराठ्यांच्या हाती आला नाही. जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं ते १९४८ मध्ये.

वर खाण्यापिण्याची भिस्त ठेवू नये, माणशी लिटरभर पाणी न्यावं. तटाच्या कडेला कठडे नाहीत, मुलांचा हात सोडू नये. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळेत होड्या थांबतात. जूनपासून साधारण सप्टेंबरअखेर फेऱ्या बंद असतात, त्यामुळे पावसाळ्यात गारंबीचा धबधबा पाहायला या, जंजिऱ्यासाठी नको.

परतताना राजपुरीपुढे खोकरीला सिद्द्यांच्या तीन दगडी कबरी आहेत. अर्धा तास पुरतो आणि गर्दी जवळजवळ नसते. नवाबाचा वाडा खासगी आहे, फाटकाबाहेरून जे दिसेल तेवढंच.

आता पंचांगाचं. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण बेत आखायला हे पुरतं. मुरूडचा किनारा सपाट आहे. ओहोटीला वाळू लांबवर उघडी पडते आणि फिरायला खरी तेव्हाच मजा. म्हणजे संध्याकाळ किनाऱ्यावर काढायची तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे यावं.

किनाऱ्यासमोर समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला उभारलेला. जाणकाराला आम्ही जंजिऱ्याच्या आधी हाच सुचवू. तटाचे दगड खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने झिजून आत गेले आहेत, पण सांध्यांतला चुना तसाच उभा आहे, त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. पडकोटाच्या, म्हणजे मुख्य किल्ल्याबाहेरच्या तटबंदीच्या, बुरजाला कमळाच्या पाकळ्या आहेत. अडचण एवढीच, की इथे जंजिऱ्यासारखी नेहमीची फेरी नाही. कोळीवाड्यात किंवा एकदऱ्याला आदल्या दिवशी विचारून अख्खी होडी ठरवावी लागते. सहा-आठ जण असतील तर परवडतं. ओहोटीला खडकांमुळे होडी अलीकडे थांबू शकते, मग पाण्यातून चालत जावं लागतं. नाखवा 'आज नको' म्हणाला तर घासाघीस करू नये.

काशिद मुरूडपासून अठरा-वीस किलोमीटरवर. वाळू पांढरी, फोटोला सुंदर, पण आम्ही गुण कापतो ते पोहण्यासाठी. उतार एकदम आहे, चार पावलांत तळ सुटतो आणि परतणारी लाट पाय ओढते. गुडघ्यापुढे जाऊ नये, आणि उधाणाच्या दिवसांत तर तेवढंही नको.

त्यापेक्षा आणखी उत्तरेला कोर्लईला तास-दीड तास द्यावा. दीपगृहाकडून चढलं की वीस-पंचवीस मिनिटांत पोर्तुगीजांच्या किल्ल्यावर पोचता येतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. खालच्या गावात अजूनही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, हे ऐकायला मिळालं तर नशीब. फणसाड अभयारण्यात (प्रवेश सुपेगावकडून) शेकरू पाहायचा तर पहाट गाठावी. तिथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात, आणि प्राणी गाणावर दिसतात ते एप्रिल-मे मध्ये, बाकीचं पाणी आटल्यावर. दुपारी अकराला जाऊन 'काहीच दिसलं नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

जेवण घरगुती खानावळीत, पण सकाळीच सांगून ठेवावं. ताजी मासळी सांगितल्यावरच आणली जाते. डिसेंबर ते फेब्रुवारीत पोपटी मिळते का विचारावं. वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यात, मडक्यात पाण्याचा थेंबही न घालता भाजतात. मडकं भाजायला आणि उघडायला संध्याकाळ जाते, म्हणून ऐनवेळी मागितली तर नाहीच म्हणतील.

पुढे दिवेआगर-हरिहरेश्वरचा बेत असेल तर रस्त्याने मोठा वळसा घालू नये. आगरदांड्याहून दिघीला गाडी जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, चढवावी. दुपारी जेवणानंतर एकदम सगळ्या गाड्या येतात, त्याआधी पोचावं. आणि शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवावं.