‘डॉक्टर हू’चा पहिला भाग : चाचणीची प्रत की प्रसारित प्रत?

लखनऊत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेला ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी बीबीसीवर प्रसारित झाला, मात्र त्याआधी चित्रित केलेली चाचणीची प्रतही टिकून आहे आणि दादरच्या घरी भाचीसोबत दोन्ही पुन्हा पाहिल्यावर माझा कौल निःसंशय प्रसारित प्रतीलाच आहे. चाचणीत संवाद चालू असताना कालप्रवासाच्या यानाची दारे मागे आपटत राहतात, मालिकेचा नायक डॉक्टर उर्मट वाटतो आणि त्याची नात सुझन आपला जन्म 49व्या शतकातला असल्याचे सांगून टाकते. प्रसारित प्रतीत ती केवळ दुसऱ्या काळाचा, दुसऱ्या जगाचा उल्लेख करते, त्यामुळे गूढ कायम राहते. शिवाय डॉक्टरच्या बोलण्यात मिश्कीलपणा येतो. मुलांना आधी हीच प्रत दाखवावी.