ऑनग्रिड, हायब्रिड की ऑफग्रिड: नागपूरच्या गच्चीला कोणता इन्व्हर्टर?

गच्चीवरच्या तीन किलोवॉट सोलरचं कोटेशन हातात आलं की सगळ्यांची नजर पॅनेलच्या कंपनीवर जाते. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं गपगुमान चालतं. कुरकुर करतो तो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणारी एसी करणारं यंत्र. घासाघीस त्याच्यावर करा, आणि त्याआधी तुमच्या वस्तीत लाइन किती जाते ते आठवा.

क्वचितच जात असेल तर ऑनग्रिड, म्हणजे थेट महावितरणच्या लाइनला जोडलेला. सगळ्यांत स्वस्त, बॅटरीची कटकट नाही, दिवसाची उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाऊन बिलात वळती होते. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही मिळतं, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये. पण लाइन गेली की भर दुपारच्या उन्हातही हा बंद. विक्रेते हे जरा हळू आवाजात सांगतात. खांबावरच्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो.

घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर पंखे-दिव्यांसाठी तो राहू द्या. बहुतेक घरांना एवढी जोडी पुरते, असं माझं मत. फक्त सोलरची वायर मेन बोर्डाला जोडून घ्या. जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जोडली तर उलटी वीज शिरून तो जळू शकतो.

मे महिन्यात तासन्‌तास लाइन जात असेल आणि घरात म्हातारी माणसं असतील, तर हायब्रिडचा विचार करा. लाइन नसतानाही तो पॅनेल आणि बॅटरीवर कूलर, फ्रिज चालवतो. बोअरच्या पंपाला मात्र सुरू होतानाचा झटका मोठा, तो हायब्रिडला झेपेल का ते आधी विचारून घ्या. अनुदान यालाही आहे, बॅटरीसाठी जास्तीचं काही नाही. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या. लेड-अ‍ॅसिड स्वस्त दिसते, पण सतत ३५ अंशांच्या खोलीत तिचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात घरातलं तापमान त्याच्याही वर असतं.

ऑफग्रिड शेतावरच्या खोलीसाठी, जिथे लाइनच नाही. अनुदान नाही, बॅटरी भरली की पुढची वीज वाया. घेतलाच तर एमपीपीटीचा घ्या, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या चार्जरचा. ५४० वॅटचं पॅनेल पीडब्ल्यूएमवर, म्हणजे पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढणाऱ्या साध्या चार्जरवर, १२ व्होल्टच्या बॅटरीला लावलं तर जेमतेम पावणेदोनशे वॅट हाती लागतात. आणि प्युअर साइन वेव्ह, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा हवा, नाहीतर कूलरची मोटर घूं-घूं करते आणि तापते.

मायक्रोइन्व्हर्टर म्हणजे प्रत्येक पॅनेलखाली बसणारा छोटा, स्वतंत्र इन्व्हर्टर. शेजारच्या कडुनिंबाची सावली पडत असेल तर उपयोगी. पण ४५ अंशांच्या दुपारी तापलेल्या स्लॅबवर त्याला बसवणं माझ्या जिवावर येतं.

उष्णतेचं म्हणाल तर कोणताही इन्व्हर्टर तापला की स्वतःच उत्पादन कमी करतो. पश्चिमेच्या भिंतीवर, उघड्यावर तो लावू देऊ नका. जिन्याखाली किंवा उत्तरेच्या सावलीत, चारही बाजूंनी हवा खेळेल अशी जागा ठरवा आणि ती कोटेशनवर लिहून घ्या. फिटिंगवाल्याला गच्चीवरची भिंत सोयीची असते, वायर कमी लागते ना.