रोजची स्पोर्ट्स कार की ट्रॅकसाठी वेगळी गाडी?

पुण्या-मुंबईच्या माणसासाठी या प्रश्नाचं अर्धं उत्तर नकाशावरच मिळतं. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे शर्यतीचा ट्रॅक, आहे आणि ते पुण्याहून सुमारे १२०० किलोमीटर लांब आहे. कोइम्बतूरची कारी मोटर स्पीडवे साधारण तेवढ्याच अंतरावर. ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट तर त्याहूनही दूर. त्यामुळे ‘कोणती गाडी जास्त मजा देते’ हा प्रश्न नंतरचा. आधी वर्षातून नेमके किती दिवस ट्रॅकवर जाणं होणार, ते प्रामाणिकपणे कागदावर लिहा.

चर्चा हवेत राहू नये म्हणून दोन खऱ्या गाड्या समोर ठेवू. रोजची म्हणून फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय: २ लिटर टर्बो, २६५ अश्वशक्ती, वजन साधारण १४५० किलो. २०२५ मध्ये ती सुमारे ५३ लाखांना, एक्स-शोरूम, भारतात आली. ट्रॅकची म्हणून २००० च्या आसपासची होंडा सिटी १.५ व्हीटेक: १०६ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या घरात, आतले सीट, गालिचे, पॅनल काढले की ९०० च्या आसपास. आपल्याकडच्या शर्यतींत ही सिटी आणि मारुती एस्टीम वर्षानुवर्षं धावल्या आहेत, त्यामुळे त्या तयार करणारे मेकॅनिक चेन्नई-कोइम्बतूरकडे सापडतात.

सरळ रस्त्यावर जीटीआय कितीतरी पुढे जाईल, त्यात वाद नाही. पण ट्रॅकवर गाडीचा कस लागतो तो ब्रेकमध्ये.

ब्रेक

ताशी १५० वरून ७० वर यायचं, तर चालकासह १५३० किलोच्या जीटीआयला एका वळणाआधी सुमारे १०४० किलोज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये जिरवावी लागते. तोच वेग ९७५ किलोच्या सिटीला कमी करायचा असेल तर सुमारे ६६०. प्रत्येक लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, असे तीन-चार मोठे ब्रेक, वीस मिनिटांच्या सेशनमध्ये नऊ-दहा लॅप. डिस्कला थंड व्हायला मधे वेळच मिळत नाही.

मग दोनपैकी एक गोष्ट होते, आणि ती कोणती हे पायाला कळलं पाहिजे. पेडल मऊ, स्पंजसारखं होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय, पाइपमध्ये वाफ झालीये. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांना झेपणाऱ्या तापमानाच्या पलीकडे गेलेत. पहिल्यावर उपाय ब्लीडिंग, म्हणजे पाइपमधली हवा-वाफ ऑइलसकट बाहेर काढणं; दुसऱ्यावर वेगळे पॅड.

डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळण्याचा बिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा फक्त १५५. हे ऑइल हवेतलं बाष्प ओढतं. दोन पावसाळे पाहिलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे त्या १५५ च्या दिशेला गेलेल्या ऑइलवर भरवसा ठेवणं. रोजच्या गाडीत ट्रॅक डेच्या आठवडाभर आधी एक लिटर ताजं डॉट ५.१ किंवा रेसिंगचं डॉट ४ घालून चारही चाकांचं जुनं ऑइल पूर्ण बाहेर काढा. डॉट ५ मात्र घेऊ नका. नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं, आधीच्या ऑइलशी मिसळत नाही.

पॅडचं गणित अवघड आहे. ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना पहिला ब्रेक दाबला की गाडी अपेक्षेपेक्षा पुढे सरकते. शिवाय ते किंचाळतात, डिस्क खातात आणि त्यांची गरम धूळ अलॉयच्या रंगात रुतून बसते. म्हणून रोजच्या गाडीला मधले, ‘फास्ट रोड’ प्रकारचे पॅड ठेवायचे आणि ट्रॅकवर पाच-सहा लॅपनंतर एक लॅप गार व्हायला द्यायची, हीच तडजोड. वेगळ्या गाडीत तडजोड करावी लागत नाही. सिटीला मागे ड्रम आहेत, बहुतेकांना एबीएस नाही. पुढे चांगले पॅड, ताजं ऑइल आणि बंपरमधून डिस्ककडे हवा नेणारा तीन इंची पाइप एवढ्यावर ती दिवसभर तग धरते. एबीएस नसल्यामुळे चाक लॉक झालं तर टायरला सपाट डाग पडतो, तेवढं पहिल्या दिवशी गृहीत धरा.

आणखी एक. ज्या गाड्यांत वळणात आतलं चाक आवरण्याचं काम ब्रेकच करतो, त्यांचे पुढचे पॅड तुम्ही पेडल न दाबताही तापत राहतात.

टायर आणि कॅम्बर

कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकण्याचा कोन; उणे म्हणजे वरची कड आत. रस्त्यावरच्या गाडीचा पुढचा कॅम्बर साधारण उणे अर्धा ते एक अंश असतो. ट्रॅकवर वळणात गाडी झुकली की टायर बाहेरच्या खांद्यावर चालतो, आणि तीन-चार दिवसांत तो खांदा गोल होऊन जातो, मधली नक्षी मात्र शाबूत. उणे अडीच-तीन अंश दिला तर ट्रॅकवर टायर सपाट बसतो, पण हायवेवर आतली कड झिजते, आणि ती कड गाडी उभी असताना दिसत नाही. रोजच्या गाडीला उणे दीडच्या आसपास थांबा. सिटीला हवा तेवढा द्या.

जीटीआयला १८ इंची टायर लागतात, सिटीला १४ किंवा १५ इंची. वर्षाला दोन सेट जाणार असतील तर फरक खिशाला लगेच कळतो. सेमी-स्लिक टायर रोजच्या गाडीला लावून जून-जुलैत घाट उतरू नका. पाणी बाहेर टाकायला त्यांच्यात पुरेशा खाचाच नसतात. हवेचा दाब थंड असताना २७-२८ पीएसआयने सुरू करा, सेशननंतर लगेच मोजा, ३३-३५ च्या वर गेला असेल तर तिथेच कमी करा. घरी निघण्याआधी पुन्हा भरायला विसरू नका.

अर्धवट गाडीचा सापळा

बहुतेक जण दोनपैकी एक निवडत नाहीत. रोजच्या गाडीलाच एकेक करत ट्रॅकचं सामान लावत जातात. आधी कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), मग बकेट सीट (अंगाला घट्ट धरणारी), मग हार्नेस (शर्यतीचा बेल्ट), मग रोल केज (आतून बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा). यातलं शेवटचं जीवघेणं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. रोल केज हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी असतो. रस्त्यावर हेल्मेट नसतं, आणि साध्या धडकेत डोकं पोलादी नळीवर आपटतं. उलट, केज नसताना चार किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस लावला तर गाडी उलटून छत दबताना शरीर बाजूला झुकूच शकत नाही. साधा तीन ठिकाणी अडकवलेला बेल्ट आणि एअरबॅग ही एक जोडी. केज, बकेट सीट, हार्नेस, हेल्मेट आणि मानेचा आधार ही दुसरी. त्यातलं सामान इकडून तिकडे करायचं नाही.

कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदवलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. आणि नेहमीच्या विमा पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असलं तरी त्याने हे बदलत नाही. म्हणजे ट्रॅककडेच्या टायरच्या भिंतीला जीटीआय हलकी घासली तरी बंपर, दिवा, इंटरकूलर, रेडिएटर सगळं स्वतःच्या पैशाने. तोच मार सिटीला बसला तर भंगार बाजारातला बोनेट आणि एक वेल्डिंगवाला पुरतो. सरळ कसोटी: जी गाडी आज पूर्ण गेली तरी तिचा हप्ता, कर्ज आणि रोजचं जाणं-येणं यांवर परिणाम होणार नाही, तीच पूर्ण वेगाने चालवता येते. बाकीच्या गाड्यांत माणूस दहा टक्के हातचं राखूनच चालवतो, आणि तसंच चालवावं.

नेणं, ठेवणं, सांभाळणं

जीटीआयचं मोठं बळ इथे आहे. बॅगा भरायच्या, बेंगळुरूला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी चेन्नई, ट्रॅक झाला की घरी. पण परतीचे १२०० किलोमीटर त्याच पॅडवर आणि त्याच टायरवर काढायचे आहेत. निघताना पॅडची जाडी निम्म्याहून कमी असेल तर सुटा सेट डिकीत हवाच. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला, सिटीचे नट १०८ न्यूटन मीटरला, आणि प्रत्येक सेशननंतर पुन्हा तपासायचे. पिटमध्ये (ट्रॅकलगतची गाड्या थांबवायची जागा) आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये उभी करा. ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. चाकाखाली लाकडी ठोकळा लावा. तापलेल्या डिस्कला पॅड एकाच जागी चिकटून राहिले की पुढे ब्रेक दाबताना गाडी थरथरते.

सिटी दर वेळी पुण्याहून फ्लॅटबेडवर नेणं वर्षाला दोनदा ठीक आहे, सहादा नाही. शहाणपणाचा मार्ग म्हणजे ती चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या रेसिंग गॅरेजमध्येच महिन्याच्या भाड्याने ठेवायची आणि आपण हेल्मेट घेऊन विमानाने जायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सीट काढलेली, पासिंग संपलेली गाडी ठेवली तर पहिल्या सर्वसाधारण सभेत विषय निघतो.

मग कोणासाठी काय

वर्षाला तीन दिवसांपर्यंत जाणार असाल तर रोजची गाडीच ठेवा. ताजं ब्रेक ऑइल, बरे पॅड, मॅक्सच्या खुणेपर्यंत इंजिन ऑइल, पाव टाकीच्या वर पेट्रोल. कमी पेट्रोलमध्ये लांब वळणात पंप हवा ओढतो आणि इंजिन अडखळतं. बाकी एक रुपयाही गाडीवर खर्च करू नका; तो पैसा चांगल्या प्रशिक्षकाला द्या.

सहा दिवसांच्या पुढे, किंवा शर्यतीचं लायसन्स काढायचा विचार असेल, तर वेगळी गाडी. तेव्हा रोजची गाडी साधी, आरामशीर असली तरी चालते, आणि दोन्हींचा मिळून खर्च एका महागड्या गाडीपेक्षा कमी बसू शकतो.

चार-पाच दिवसवाल्यांनी आधी एक दिवस कोणाची तरी तयार सिटी किंवा एस्टीम भाड्याने चालवावी. १०६ अश्वशक्तीत कंटाळा आला तर रोजची गाडी. उतरताना पुढच्या तारखा विचाराव्याशा वाटल्या तर वेगळी.

सिटी घ्यायचीच ठरली तर पॉलिशकडे पाहू नका. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा, नसेल तर घेतल्या घेतल्या बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदला. बेल्ट तुटला की या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची शिवण, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, इंजिनाचे माउंट हाताने दाबून पाहा. डिस्ट्रिब्यूटरमधून (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) ऑइल गळतंय का ते बघा. आणि गाडी दुपारी उन्हात अर्धा तास चालवून बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर द्या. त्या काळच्या होंडांत मेन रिलेचं (पेट्रोलच्या पंपाला वीज पोचवणारा स्विच) सोल्डर तडकलेलं असलं की तापल्यावर पेट्रोलचा पंप सुरू होत नाही, आणि हे थंड गाडीवर सकाळी कधीच दिसत नाही.